चिप निजते, बोर्ड जागाच

पोखर्णीच्या काळ्या रानात पाऊस सरला की रब्बी ज्वारी तगते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ही ओल दिवसादिवसाने, सावकाश खाली उतरते. ती मोजायला बांधाजवळ ठेवलेले यंत्र तासातून एकदा सेकंदभर जागे झाले तरी पुरे. आर्डुइनो प्रो मिनी या चिमुकल्या बोर्डावरची एटीमेगा ३२८पी ही चिप उरलेला वेळ खरोखर गाढ निजते. उठायची वेळ सांगणारे आतले घड्याळ चालू ठेवूनही तिला ५ मायक्रोअँपिअरच्या आसपासच वीज लागते. पण वीज आल्याची खूण दाखवणारा बोर्डावरचा दिवा थेट विजेच्या वाटेवर बसवलेला असतो. प्रोग्राम कितीही जपून लिहा, हा दिवा त्याच्या हाती नाही. तो एकटाच मिलिअँपिअरभर, म्हणजे निजलेल्या चिपच्या सुमारे २०० पट वीज घेतो. त्या हिशेबाने २००० मिलिअँपिअर-तासांचे दोन पेन्सिल सेल तीन महिन्यांच्या आतच रिते होतात, नेमके कणसात दाणा भरताना, जेव्हा ओलीचा आकडा सर्वांत मोलाचा. म्हणून डाक वितळवून तो दिवा काढून टाकावा. विरळणीत चांगले, जोमदार रोपही उपटावे लागते, तसेच हे. आर्डुइनो २००५ साली इटलीत शिकणाऱ्यांसाठी घडला. त्यांच्या टेबलावर हा दिवा हवाच. बंद डबीत तो कुणासाठी?

यंत्र जिवंत आहे हे मग कळणार कसे, असे कुणी विचारील. दिवा फक्त वीज पोचल्याचे सांगतो, काम चालल्याचे नाही. ती साक्ष दर तासाला नोंदलेला आकडाच देतो. सौरपट्टी लावा म्हणावे, तर डोक्यावर गेलेल्या ज्वारीत तिला ऊन मिळायचे कुठून? मग बोर्डावरचा, व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटरही का ठेवावा, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. रेग्युलेटरही बसल्या जागी थोडी वीज खातो, आणि ३ व्होल्टचे सेल थेट जोडले तर त्याची गरज उरत नाही. ८ मेगाहर्ट्‌झच्या गतीने ही चिप अडीच व्होल्टपर्यंत चालते. पण साडेपाच व्होल्टच्या पुढे तिला सोसत नाही. रेग्युलेटर काढलेल्या बोर्डाला घाईत कुणी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लावली, की चिप जळालीच. तेव्हा दिवा बिनदिक्कत काढावा. रेग्युलेटर काढायचा तो सेलचे घर डबीत पक्के बसवल्यावरच, आणि झाकणावर न पुसणाऱ्या शाईने ‘फक्त ३ व्होल्ट’ असे लिहून.