भिंतीवरचं टाचण

यंत्र कसं चालवायचं याची चिठ्ठी भिंतीला चिकटवायची आपल्याकडे भारी हौस. गीझरखाली, इन्व्हर्टरवर, सोसायटीच्या पंपाच्या खोलीत, कुठेही पाहा. लिहिणारा निघून जातो, यंत्र बदलतं, चिठ्ठी मात्र तिथेच पिवळी पडत राहते. आणि चिठ्ठीबरहुकूम करूनही जमलं नाही, की आपण बायका आधी काय म्हणतो? "मेलं मलाच कळत नाही!"

टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासमध्ये मी आठवड्यातून तीन दिवस दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. तिथे संगणकाशेजारी असंच एक टाचण होतं, प्लास्टिकच्या कव्हरात घालून लावलेलं. आमच्या नोट्स आम्ही साध्या मजकुरात टाइप करतो आणि 'पॅन्डॉक' नावाचा प्रोग्रॅम त्यांचं हवं ते करून देतो. छापायला पीडीएफ, सरांना दुरुस्त्या करायला वर्डची फाइल, मुलांना मोबाइलवर वाचायला ईपब. कणीक एकदाच मळायची, मग पोळी लाटा नाहीतर पुरी.

हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लन यांनी तो २००६ साली प्रथम लोकांपुढे आणला. हे गृहस्थ प्राध्यापक आहेत तत्त्वज्ञानाचे, बरं का! त्यात बटणं नाहीत. काळ्या चौकटीत हुकूम टाइप करायचा आणि काम कसं व्हायला हवं ते त्याच ओळीत दोन-दोन आडव्या रेघा देऊन सांगायचं. वाण्याला आपण नुसतं "तूरडाळ द्या" म्हणत नाही, "बिनपॉलिशची, निवडलेली" असं पुढे जोडतो ना, तसंच. या पुढे जोडायच्या शब्दांना म्हणतात ऑप्शन.

जूनमध्ये क्लासला एक नवी शिक्षिका आली. मुलगा पहिलीत गेला म्हणून सहा वर्षांनी पुन्हा कामाला लागलेली. पहिल्याच आठवड्यात तिला सराव प्रश्नपत्रिका छापायला सांगितलं. टाचणातला हुकूम तिने अक्षरन् अक्षर उतरवला. चौकटीत इंग्रजीत दोन ओळी उमटल्या, पीडीएफ काही निघेना. चार वेळा केलं, पाच वेळा केलं. सर येऊन म्हणाले, "अहो मॅडम, भिंतीवर लिहिलंय, तेवढं वाचून तरी करा." मुलं ऐकत होती. संध्याकाळी तिने पर्स उचलली आणि मला म्हणाली, "ताई, उद्यापासून मी नाही येत. माझ्याच्याने नाही व्हायचं हे."

मला या प्रोग्रॅमची तोंडओळख २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाच्याने करून दिली होती. म्हटलं, थांब, त्या दोन ओळी तर वाचू. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की 'लेटेक-इंजिन' हा ऑप्शन काढून टाकला आहे, त्याऐवजी 'पीडीएफ-इंजिन' वापरा. ऑक्टोबर २०१७ मध्ये पॅन्डॉकची २.० आवृत्ती आली, तेव्हा झालेला हा बदल. पीडीएफ करायला लेटेकखेरीज दुसरी साधनंही चालू लागली होती, जुनं नाव अपुरं पडत होतं. आमच्या क्लासचा संगणक यंदा बदलला, त्यात नवा पॅन्डॉक आला, भिंतीवर राहिला जुन्याचा कागद. बिचारीने काडीची चूक केली नव्हती.

माझ्या सासूबाईंकडे त्यांच्या आईची पाककृतींची वही आहे. त्यात अच्छेर रवा, नवटाक तूप. १९५८ पासून आपल्याकडे किलो-ग्रॅमची वजनं आली. शेर भरतो ९३३ ग्रॅम, म्हणून नवटाक सुमारे ११७. आता जांभळी नाक्यावर जाऊन नवटाक मागितलं, तर दुकानातला पोऱ्या तोंडाकडे बघत राहील. तिथे आपण स्वतःला अडाणी म्हणत नाही. वही जुनी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, कारण ती दिसतेही जुनी. टाचण मात्र टाइप केलेलं होतं, ठसठशीत. त्यावर ना तारीख, ना आवृत्तीचा आकडा.

मग दोन दुपारी बसून आम्ही दोघींनी ते नव्याने लिहिलं. (तासाप्रमाणे पगार असलेल्या बाईला टाचणाचे पैसे कोण देतं म्हणा!) 'स्मार्ट' नावाचा ऑप्शन सरळ अवतरणचिन्हांना गोलाई द्यायचा, तोही गेलेला. आमच्या साध्या मजकुराला ते काम आता न सांगता होतं, म्हणून तो नुसता खोडला. 'सेल्फ-कन्टेन्ड' अजून चालतो, पण २०२२ पासून दर वेळी हटकतो, म्हणून त्याचीही नवी नावं लिहून ठेवली. 'झीलेटेक' हा शब्द मात्र तसाच ठेवला आणि तो का लागतो तेही लिहिलं. पॅन्डॉक एरवी जे इंजिन घेतो त्याला देवनागरी झेपत नाही. फॉन्टही देवनागरीचाच सांगावा लागतो.

जुने शब्द पुसून टाकावेत असं सरांचं मत होतं. मी नाही म्हटलं. क्लासच्या जुन्या वह्यांत, कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवर तेच शब्द पडलेले आहेत, समोर आले तर ओळखता यायला हवेत. म्हणून डावीकडे जुना, उजवीकडे नवा. वर तारीख, आणि खाली आपल्या पॅन्डॉकची आवृत्ती पाहायचा हुकूम.

प्रत्येक ओळ तिलाच करून पाहायला लावली. माहीत असलेला माणूस गाळलेलं नकळत भरून काढतो, म्हणून मी लांब बसले. दुसऱ्याच ओळीला तिने विचारलं, "पण ताई, आधी फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जायचं, हे कुठे लिहिलंय?" जुन्या टाचणात ते कधीच नव्हतं. ते घातलं. पुढे श्रीलिपीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. त्या फाइलींत आत मराठी अक्षरं नसतातच, फॉन्टच त्यांना मराठी रूप देतो, त्यामुळे आधी त्यांचं युनिकोड करून घ्यावं लागतं. ती ओळ तिने स्वतःच्या अक्षरात शेवटी लिहिली.

परवा सर तिला विचारत होते, वर्डची फाइल कशी काढायची. ती म्हणाली, "सर, तिसरी ओळ."