दोन पैशांची चिठ्ठी

अकोल्याला उतरलो की पावले आपसूक जठारपेठेकडे वळतात. तिथे माझी मावशी राहते. वय नव्वदीपुढचे, पण स्मरणशक्ती खणखणीत! गेल्या दिवाळीत चौकातून पणत्या आणल्या. फोन घरी राहिलेला. दुकानदाराकडे सुट्टे नाहीत. त्याने दोन रुपयांऐवजी दोन चॉकलेटे माझ्या हातावर ठेवली.

ती पाहून मावशी हसली आणि कपाटातून एक पत्र्याची डबी घेऊन आली. आत पुठ्ठ्याचे पिवळे पडलेले तुकडे. प्रत्येकावर एका किराणा दुकानाचा शिक्का आणि शाईने लिहिलेले ‘दोन पैसे’.

गोष्ट १९४३ ची. महायुद्ध पेटलेले. १९४० मध्येच रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती आणि एक रुपयाची नोट निघाली होती. कागदापेक्षा धातूवर भरवसा अधिक, म्हणून जो तो मोड दडवून ठेवी. सरकारने धातू वाचवणारा भोकाचा पैसा काढला; बिकानेर, मोरवी अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपने काढली. मग पेठेतल्या वाण्याने चिठ्ठी काढली, यात नवल ते काय?

मावशी तेव्हा आठ वर्षांची. आईने तेलाला पाठवले. पलीकडच्या दुकानात तेल स्वस्त, म्हणून ती तिकडे गेली आणि चिठ्ठ्या पुढे केल्या. दुकानदार म्हणाला, “पोरी, हा शिक्का माझा नाही.” बिचारी परत पहिल्याच दुकानी आली आणि महाग तेल घेऊन घरी गेली! पुढे त्या वाण्याने दुकान मोडले, गाव सोडले. अकरा चिठ्ठ्या घरात राहिल्या. बावीस पैसे, म्हणजे साडेपाच आणे बुडाले. चौसष्ट पैशांच्या रुपयात ती रक्कम लहान नव्हती.

“मग अजून जपून काहून ठेवल्या?” मी तिच्याच बोलीत विचारले.

“बापू, पैसा हाती असला तं मानूस कोन्याही दुकानात जाते. चिठ्ठी त्याले एकाच दुकानात नेते. माय त्या दिवशी हेच बोलली होती.”

दुसऱ्या दिवशी वाती आणायला त्याच दुकानात गेलो. दोन रुपये कमी पडले, तेव्हा कालची चॉकलेटे पुढे सरकवली. दुकानदार मोठ्याने हसला. घेतली मात्र नाहीत.

मावशीच्या वाण्याची चिठ्ठी निदान त्याच्या स्वतःच्या दुकानात तरी चालत होती!