पाटीवाल्याचा हिशेब

रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचीत जाण्याची मला जुनी खोड आहे. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे लोक तिला माझ्या पेशाचाच भाग समजतात, आणि ते अगदीच खोटे नाही. ‘उपहारगृह’ असे वाचले की आत फराळ मिळतो की भेटवस्तू, अशी शंका मला येतेच. (उपाहार म्हणजे फराळ आणि उपहार म्हणजे भेट, एका कान्याचा काय तो फरक!) पण गेल्या वर्षभरात माझी नजर थोडी बिघडली आहे. पाटी वाचून झाली की मी तिच्या कडा पाहतो, स्क्रू पाहतो, खाली गंजाचे ओघळ उतरले आहेत का तेही पाहतो. याला कारण माझा भाचा.

भाचेराव बी.कॉम. झाले आणि नोकरीचे अर्ज करण्याऐवजी पाट्या करण्याचा धंदा काढतो म्हणाले. माझी बहीण धंद्याला घाबरली नाही. त्यासाठी मोडाव्या लागणाऱ्या ठेवीला घाबरली. फ्लेक्स छापण्याचे यंत्र घ्यायचे होते, म्हणजे लाखांची बाब. “दादा, तू त्याला चार गोष्टी सांग,” असा तिचा फोन आला. मराठीच्या प्राध्यापकाने धंद्यातल्या चार गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा फक्त धाकटी बहीणच करू शकते! मी भाच्याला उचलले आणि कॉलेजमागच्या गल्लीतल्या पेंटरकाकांपुढे नेऊन बसवले. पत्र्यावर एनॅमल रंगाने अक्षरे काढण्यात काकांची निम्मी हयात गेली. उरलेली फ्लेक्स, व्हिनाइल आणि अ‍ॅक्रिलिक यांच्याशी जुळवून घेण्यात चालली आहे.

काकांनी यंत्राचे नाव ऐकले आणि पहिलाच सल्ला दिला, “यंत्र घेऊ नकोस, शिडी घे.”

यंत्राला रोज काम घालावे लागते. चार दिवस बसून राहिले की शाई सुकते आणि छपाईची तोंडे तुंबतात. शिवाय फ्लेक्स चौरस फुटावर विकला जातो आणि त्या भावात गल्लोगल्ली चढाओढ आहे. छपाई हवी तेवढी बाहेरून करून आणावी. पण मोजमाप घेणे, सांगाडा बसवणे, भिंतीत पक्का बोल्ट मारणे ही कामे बाहेरून आणता येत नाहीत. पैसा तिथे आहे. ही गोष्ट मला एकदम पटली. आमच्या व्यवसायातही पुस्तक कोठूनही आणता येते, वर्ग मात्र स्वतःलाच घ्यावा लागतो.

मालाविषयी काका बोलू लागले की ऐकत राहावे. फ्लेक्स स्वस्त खरा, पण दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानावर त्याचा तांबडा रंग उन्हाने लवकर विटतो आणि वाऱ्याने पोट फुगते. सणाच्या, सेलच्या जाहिरातीला तो ठीक. नावाच्या पाटीला नव्हे. सनबोर्ड आतल्या भिंतीवर लावावा, उन्हात तो वाकतो. बाहेर टिकायचे तर एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेले शीट. त्यावर अ‍ॅक्रिलिकची अक्षरे, आत एलईडी. पेटीच्या तळाला दोन बारीक भोके ठेवायलाच हवीत. “पाणी कोठून तरी आत येतेच,” काका म्हणाले, “त्याला बाहेर पडायची वाट द्यायची.” दिव्यांचा वीजपुरवठा करणारा डबा हात पोचेल अशा जागी असावा, कारण पहिल्या पावसात तोच दगा देतो. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. लोखंडी स्क्रू वापरून वाचवलेले पैसे वर्षभरात तांबडे ओघळ होऊन गिऱ्हाइकाच्या नावावरून वाहू लागतात.

भाच्याने वही काढली होती. त्याचा हिशेब सरळ होता : नऊ फूट बाय तीन फूट, म्हणजे सत्तावीस चौरस फूट, गुणिले भाव. काकांनी खडूने फरशीवरच आकृती काढली. बाजारात एसीपीचे शीट बहुधा आठ बाय चारचे. दोन्ही कडा तीन-तीन इंच मुडपल्या की दर्शनी लांबी साडेसात फूट उरते. नऊ फुटी पाटीसाठी दुसरे शीट फाडावे लागणार, मध्ये सांधा येणार. तेव्हा भाव सत्तावीस फुटांचा लावायचा नाही, दोन शिटांचा लावायचा. नाहीतर गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, की पाटी साडेसात फुटांची करा, सांधाही नको आणि पैसेही वाचतील. गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी परत येते ते या वाक्यासाठी, असे काकांचे म्हणणे.

मग अक्षरांचा प्रश्न निघाला आणि तेथे मात्र मी कान टवकारले. सुट्या अक्षरांचा भाव उंचीच्या इंचावर आणि अक्षरांच्या संख्येवर ठरतो. ही मोजणी रोमन लिपीला सोयीची. देवनागरीचे काय? ‘स्त्री’ हे एक अक्षर की तीन? गिऱ्हाईक म्हणते एक, कापणारा म्हणतो तीन आणि वर वेलांटी. शिवाय शिरोरेषेने अख्खा शब्द एकसंध होतो, तो कापताना शिटाचा बराच भाग वाया जातो. उंचीचेही तेच. फूटभर पट्टीत रोमन अक्षर ऐसपैस बसते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा सोडावी लागते, म्हणून अक्षराचे मूळ अंग आखडते. लांबून वाचायच्या पाटीला दहा फुटांमागे एक इंच असा ढोबळ हिशेब धंद्यात चालतो. मराठीत तो इंच शिरोरेषेपासून खाली मोजावा, वेलांटीच्या टोकापासून नव्हे. व्याकरणाच्या तासाला मला न सुचलेला हा धडा पेंटरने फरशीवर शिकवला.

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीहून लहान नकोत असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत काकांकडे रीघ लागली आणि त्यांनी त्यांतली कितीतरी कामे परतवली. भाच्याला ते चमत्कारिक वाटले. काका म्हणाले, “घाईची पाटी दोनदा करावी लागते आणि दुसऱ्यांदा पैसे मिळत नाहीत.” यावर त्यांचा उपाय साधा. मजकूर कागदावर काढून त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. सहीनंतरची चूक त्याची, सहीआधीची आपली. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली बहुतेक शिडीवर चढण्यापूर्वी. एकदा पाटी टांगली गेली की गिऱ्हाईक पाटीकडे पाहते, पाटीवाल्याकडे नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. कुलदैवतापासून शाखा नसल्याच्या जाहीरनाम्यापर्यंत सारे एका पाटीवर मागणारे असतात. उद्या सकाळी उद्घाटनाचा मुहूर्त असताना आज दिवेलागणीला येणारेही असतात. मात्र बोल्ट कमी करून भाव उतरवा म्हणणाऱ्याला काका दारातूनच परत पाठवतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला अवाढव्य जाहिरातफलक कोसळून सतरा माणसे गेली. आपली पाटी त्यापुढे कितीही चिमुकली असली तरी तिच्याखालून लोक चालतात, असे ते म्हणतात.

ठेव मोडली नाही. भाच्याने शिडी, ड्रिल आणि मोजपट्टी घेतली. छपाई बाहेरून आणतो. पहिले मोठे काम आले ते एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचे. त्यांनी ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’ ही पाच अक्षरे मोजून पाचाचेच पैसे देऊ केले आणि त्यांतही एक ‘ज’ जास्तीचा आहे, तो काढून भाव कमी करा, असे सुचवले. भाच्याने तेथूनच मला फोन लावला.

“मामा, ‘तज्ज्ञ’मधला अर्धा ज काढता येतो का?”

“नाही रे बाबा. तो हवाच.”

“मग त्याचे पैसे लावतो,” असे म्हणून त्याने फोन ठेवून दिला.