गाडीची उंची आणि आईचे मणके

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: गाडीतून उतरताना कशाला धरता? कुणी दाराला धरतो, कुणी पुढच्या आसनाच्या पाठीला, कुणी मुलाच्या खांद्याला. या उत्तरावरून गुडघ्यांची आणि मांड्यांची जेवढी कल्पना येते, तेवढी कित्येकदा क्ष-किरण चित्रावरूनही येत नाही. स्वतःच्या आईला मात्र हा प्रश्न मी फार उशिरा विचारला.

आमची गाडी जुनी, स्टेशन वॅगन प्रकारची. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. टाटा इस्टेट आली आणि गेली, इंडिगो मरीनाही फार काळ टिकली नाही. मी माझी गाडी विकली नाही याचे कारण एवढेच, की घडीची चाकाची खुर्ची, वॉकर आणि आईची पिशवी हा सारा संसार तिच्या मागच्या जागेत उभा-आडवा कसाही मावतो. परंतु वर्षानुवर्षे ओझे वाहून गाडी मागून बसली होती. आई मागच्या आसनावर बसत असे. तिचे वय ७९, दोन्ही गुडघे झिजलेले. आसन खाली गेले की बसलेल्या माणसाची कंबर गुडघ्यांच्या पातळीखाली जाते आणि उठताना सारा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर व गुडघ्याच्या वाटीवर येतो. आई दोनदा झोके घ्यायची, तिसऱ्यांदा उठायची. एकदा दाराला धरलेला हात सुटून ती पुन्हा आत कोसळली, तेव्हा मी जागा झालो.

गॅरेजमध्ये जाऊन मी एकच मागणी केली, गाडी मागून उचलून द्या. तेथील कारागीर म्हणाला, "जाड तारेच्या स्प्रिंगा टाकतो साहेब, दोन इंच उचलेल." गाडी खरोखरच ५ सेंटीमीटर उचलली गेली. आई पहिल्याच प्रयत्नात उतरली आणि मी स्वतःवर खूश झालो. औषध काय करते ते विचारायचे आणि दुसरे काय बिघडवते ते विचारायचे नाही, अशी चूक मी रुग्णाच्या बाबतीत कधी केली नसती.

तीन आठवड्यांनी एका लग्नाहून परतताना, पांढरे पट्टे पुसलेला एक गतिरोधक मला दिसला नाही. वेग फार नव्हता, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. मागून "आई गं!" एवढाच आवाज आला. "काही नाही रे, उसण भरली असेल," असे ती म्हणाली आणि मीही तेच मानले. दोन दिवस पॅरासिटॅमॉल आणि मलम चालले. तिसऱ्या दिवशी तिला अंथरुणात कुशीवर वळता येईना. चित्र काढले तेव्हा पाठीचा बारावा मणका पुढून चेपून पाचरीसारखा झालेला दिसला. पुढे डेक्सा तपासणीत हाडे किती विरळ झाली होती तेही कळले. रजोनिवृत्तीनंतरच्या प्रत्येक वृद्धेला मी ही तपासणी सुचवतो. घरातच ती झालेली नव्हती.

आईला पट्टा बांधून घरी आणल्यावर, एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवलेले माझे एक वृद्ध रुग्ण तिला पाहायला आले. त्यांना सारे आबा म्हणतात. त्यांनी अंगणात उभ्या गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. "डॉक्टर, ही स्प्रिंग नाही, पहार बसवलीत तुम्ही," ते म्हणाले.

मग त्यांनी जे समजावले ते मी येथे देतो, कारण घरात वृद्ध आणि जुनी गाडी दोन्ही असलेली कुटुंबे थोडी नाहीत. जुनी स्प्रिंग बसते म्हणजे मऊ पडते, हा आपला समज चुकीचा आहे. पोलादाचा ताठपणा जवळजवळ तसाच राहतो. कमी होते ती तिची मोकळी लांबी. म्हणून त्याच गाडीसाठी ठरवलेली, त्याच ताठपणाची नवी जोडी घातली की हरवलेली उंची परत मिळते. मी मात्र उंची विकत घ्यायला गेलो आणि ताठपणा घेऊन आलो. स्प्रिंगेची तार केवळ दहा टक्के जाड केली, तरी बाकी सारे तसेच असता स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. जड सामान कायम वाहणाऱ्या गाडीला ती शोभेल. आमच्या गाडीत मागे एक कृश वृद्धा आणि एक घडीची खुर्ची! वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर अडकवण्याचा स्वस्त उपायही आबांनी नाकारला. अडकलेले वेटोळे कामातून जाते आणि उरलेल्यांवर भार पडून धक्का कडकच होतो.

उंची मोजायची तर गाडी सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून उभी करावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत फीत लावावी. मग टायरच्या झिजेचा घोळ राहत नाही. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात. आमचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही गळत होते, तेही बदलले. नंतर चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासून घ्यावा. काही जुन्या गाड्यांत मागचा ब्रेक किती लागावा हे मागच्या भागाच्या उंचीवर ठरते. तेथे मनमानी उंची वाढवली तर गाडी रिकामी आहे असे समजून मागचा ब्रेक कमी लागतो. हे ऐकून मला घाम फुटला.

मूळ ताठपणाच्या स्प्रिंगा आल्या. बसलेल्या जुन्या उंचीपेक्षा मागची बाजू ३.५ सेंटीमीटर वर आली. पण त्याहून मोठा बदल फुकट झाला. आई आता पुढे बसते. मागचे आसन मागच्या आसाच्या जवळ असल्याने त्या चाकांचा धक्का तेथे थेट पोहोचतो. दोन्ही आसांच्या दरम्यान तो पुष्कळ सौम्य असतो. मागच्या चाकाशी मिळालेल्या ३.५ सेंटीमीटरपैकी पुढच्या आसनाशी जेमतेम दीड पोहोचतात, हे खरे. उरलेली उणीव ५ सेंटीमीटर जाडीच्या दाट फोमच्या गादीने भरून काढली. ही गादी मी पहिल्याच दिवशी आणू शकलो असतो.

उतरण्याची रीतही बदलली. आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर, मग कडेला सरकणे, मग पुढे झुकून उठणे. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी पहिल्या काही आठवड्यांत गुडघे कमरेपेक्षा वर जातील अशा आसनावर बसू नये, हेही लक्षात असू द्यावे. आणि गाडीतल्या धक्क्यानंतर वृद्धांची पाठ दुखू लागली तर माझ्यासारखे मलमावर दिवस काढू नका. पायांत जोर कमी वाटला, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

आईचा पट्टा यथावकाश सुटला, हाडांचे औषध सुरू आहे. उंचीने ती थोडी कमी झाली, ती झालीच. परवा डोळे तपासायला निघालो, तेव्हा कोपऱ्यावरच्या गतिरोधकाच्या पन्नास पावले आधीच तिने डॅशबोर्डवर बोट टेकवले.

"पुढे आहे तो," ती म्हणाली, "आणि मला दिसतोय."