एका संगणकात दोन बिऱ्हाडे

इंदूरच्या जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना एका छपराखाली तीन-चार बिऱ्हाडे नांदण्यात काही नवल वाटत नाही. चूल वेगळी, देव वेगळे. जिना आणि नळ मात्र सामाईक. संगणकातही असेच नांदता येते, हे आम्हां उभयतांना अलीकडे कळले, आणि तेही गरजेपोटी.

घरात संगणक एकच. त्यावर विंडोज, कारण आमच्या व्यवसायातील जमाखर्चाची प्रणाली विंडोजखेरीज चालत नाही. दहा-बारा दुकानदारांचे हिशेब तीत साठवलेले. धाकट्या कन्येला मात्र जी नोकरी मिळू घातली होती, तिथला सारा कारभार लिनक्सवर. सहा महिने घरूनच उमेदवारी करायची आणि मग नेमणूक. थोरल्याच्या शिक्षणाचे कर्ज फिटायचे होते, त्यामुळे दुसऱ्या संगणकाचा विषय निघण्याआधीच मिटला. तिच्या स्नेह्यांपैकी कोणी सुचवले, विंडोज पुसूनच टाका. कोणी म्हणाले, डिस्कचे दोन भाग करून रोज सकाळी कोणता भाग उघडायचा ते ठरवा. पहिल्यात आमची भाकरी जात होती. दुसऱ्यात एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने ताटकळत बसायचे.

अखेर उपयोगी पडली ती खुद्द विंडोजमध्येच असलेली ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ ही सोय. काळाचा महिमा पाहा: 2001 साली मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने 2016 साली लिनक्सला आपल्या घरात जागा दिली आणि 2025 साली या सोयीचा मूळ आराखडाही सर्वांना खुला केला. हृदयपरिवर्तनापेक्षा व्यापारी शहाणपणच यामागे अधिक असावे, असे आम्हांस वाटते. पण त्याचा लाभ आम्हांस झाला, तेव्हा तक्रार कशाची?

या सोयीचा पहिला अवतार म्हणजे दुभाष्या होता. लिनक्सचा कार्यक्रम जी जी मागणी करी, तिचे तो विंडोजच्या भाषेत तत्काळ रूपांतर करी. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना या दुभाषेपणाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही ठाऊक आहेत. मनात मराठीत जुळवलेले वाक्य मंडईत हिंदीतून बोलावे, भाजी मिळते. जात्यावरची ओवी मात्र तशी उतरत नाही. त्या दुभाष्याचेही तसेच झाले. साधी कामे उरकत, पण कंटेनर चालेनात. म्हणून 2019 साली जाहीर होऊन 2020 साली सर्वांच्या हाती आलेल्या दुसऱ्या अवतारात भाषांतराचा नाद सोडला गेला. आता विंडोजच्या पोटात एक हलके आभासी यंत्र चालते आणि त्यात लिनक्सचा खराखुरा गाभा असतो. दुभाष्या गेला आणि त्याच्या जागी स्वतंत्र बिऱ्हाडच आले.

कंटेनर म्हणजे काय, हे कन्येने आम्हांस स्वयंपाकघरात समजावले. एखादा कार्यक्रम, त्याला लागणारी अवजारे आणि पूरक सामग्री, सारे एका डब्यात भरलेले असते. तो डबा येथे उघडा की दूरच्या सर्व्हरवर, आतला पदार्थ तोच. मात्र डब्याला स्वतःचा गाभा नसतो. तो यजमान यंत्राचाच वापरतो. लिनक्सच्या डब्याला लिनक्सची चूल हवी, ती दुभाष्याजवळ नव्हती. डॉकर हे साधन 2013 साली आले आणि ही पद्धत सर्वत्र रुळली. एक सावधगिरी मात्र हवी: डबा काढून टाकला की त्यात नंतर लिहिलेली माहितीही जाते, टिकवायचे ते डब्याबाहेर, वेगळ्या साठ्यात ठेवावे.

मांडणी सोपी. संगणकाच्या मूळ रचनेत आभासी यंत्राची परवानगी सुरू असावी लागते. मग एक आज्ञा दिली, संगणक एकदा बंद करून चालू केला, की उबुंटू हजर. खरी कसोटी नंतर लागते, ती उंबरठ्यावर. लिनक्सकडून विंडोजच्या ‘सी’ कप्प्यातील फाइल वाचता येते खरी, पण प्रत्येक वेळी सीमा ओलांडावी लागते, आणि हजारो लहान फायलींचे काम असले की वेग पार मंदावतो. कामाचे सामान लिनक्सच्या स्वतःच्या घरात ठेवले की तेच काम झपाट्याने होते. दुसरी गंमत ओळीच्या शेवटाची. जुन्या टेलिप्रिंटरला गाडी मागे आणणे आणि कागद वर सरकवणे अशा दोन खुणा लागत. विंडोजने त्या दोन्ही जपल्या. लिनक्सला एकच पुरते. त्यामुळे विंडोजवर लिहिलेली आज्ञावली तिकडे कधी कधी अडून बसते, आणि डोळ्यांना तर दोष दिसत नाही!

आमच्या घरात खरा पेच पडला तो मार्चमध्ये. वर्षअखेरीचे हिशेब आणि कन्येची अखेरची परीक्षा एकाच आठवड्यात. संगणकाची स्मृती आठ जीबी. लिनक्सला त्यातील निम्म्यापर्यंत घेण्याची मुभा आपोआपच असते. तिचे चार डबे चालू झाले की आमची खतावणी पान उलटायला मिनिट घेई. दुकानदारांचे दूरध्वनी येत होते, तिची मुदतही टळणारी नव्हती, आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी मोकळेपणे बोलत नव्हते. तिने अखेर एका छोट्या फाइलीत लिनक्सची मर्यादा तीन जीबीवर बांधली, डब्यांपैकी दोन बंद ठेवले, आणि रात्री दहानंतर सारा संगणक तिचा असा करार झाला. विवरणे 30 तारखेला गेली. तिची नेमणूक एप्रिलमध्ये आली.

आता कंपनीने तिला स्वतंत्र संगणक दिला आहे, तरी घरच्या यंत्रातले ते बिऱ्हाड तिने मोडलेले नाही. लिनक्सची नोंद रद्द करणारी एक आज्ञा आहे. ती दिली की आतले सारे क्षणात नाहीसे होते. म्हणून दर पंधरवड्याला ती त्या घराची एकच मोठी फाइल बांधून बाहेरच्या डिस्कवर ठेवते. त्याच डिस्कवर, शेजारच्या कप्प्यात, आमचे हिशेबही असतात.