वही, फीत आणि काशी

काशीला जाणारा माणूस परस्परविरोधी अशा दोन हेतूंनी जातो. संसाराच्या पाशातून, म्हणजे एका अर्थी आठवणींतूनही, सुटावे हा एक हेतू. आणि पितरांची आठवण विधिपूर्वक जागवावी हा दुसरा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी वस्तीला हा विरोध कधी जाचला नाही. क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत यात्रेकरू स्वहस्ते आपले नाव, गाव आणि कूळ नोंदवी. पुढे कधीतरी त्याचा नातू त्याच उपाध्यायांच्या घरी उतरे आणि आजोबांचे वेडेवाकडे अक्षर पाहून क्षणभर स्तब्ध होई. लिहिणाऱ्याने ते अक्षर कोणाला हेलावून टाकण्यासाठी काढलेले नसे. त्याचे सामर्थ्य या निर्हेतुकतेतच असे.

घरगुती चित्रफितीचे रहस्यही याहून वेगळे नाही. स्मृती हा विषय घेऊन, जुन्या कौटुंबिक फितीचा आभास निर्माण करणारे लघुपट आज सर्वत्र तयार होतात आणि काशीचे घाट हे तर त्यांचे आवडते स्थळ. आठ मिलिमीटरच्या फितीवरचे कण, प्रकाशाची थरथर, कडेचे ओरखडे हे सारे संगणकाच्या साहाय्याने मागाहून चढवले जाते. त्यातून हुरहूर उत्पन्न होत नाही असे नाही. परंतु ती कोणाची आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच. ओरखडा म्हणजे स्मृती नव्हे. तो काळाने वसूल केलेला कर आहे. जे अद्याप गमावलेलेच नाही, त्यावर या कराची पावती चिकटवल्याने ते मौल्यवान कसे ठरावे?

या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर भारतीय चित्रपटाच्या आरंभाकडे वळावे लागते, आणि तो आरंभ काशीशीच बांधलेला आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर प्रथम चित्रित केले ते कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे उगवणे. एकेक चित्र टिपत, दिवसांमागून दिवस घालवून केलेला तो प्रयोग अक्षरशः घरातला होता. फितीला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई शिकल्या. त्यांचे दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावर रोहिदास म्हणून दिसला तो फाळके यांचाच मुलगा भालचंद्र.

हरिश्चंद्राची कथा काशीच्या स्मशानात जाऊन पोचते. आजही वाराणसीत हरिश्चंद्र घाटावर चिता पेटतात. फाळके यांचे स्मशान मात्र काशीतले नव्हते. चरित्रकार सांगतात ती हकीकत अशी : वांगणी येथे बाह्यचित्रीकरण चालू असताना भालचंद्र खेळता खेळता खडकावरून पडला, डोक्याला इजा होऊन बेशुद्ध झाला. त्याला मुंबईस न्यावे असे सहकाऱ्यांनी सुचवले. प्रथमोपचार झाल्यावर फाळके यांनी निर्णय घेतला तो चित्रीकरण पुढे चालू ठेवण्याचा. कारण चितेवरच्या मृत रोहिदासाचे दृश्य घ्यायचे राहिले होते. शुद्ध हरपलेला मुलगा मृताच्या भूमिकेत आणि कॅमेऱ्यामागे त्याचा बाप! निष्ठा म्हणावी की निष्ठुरता, याचा निवाडा सोपा नाही. ज्या कथेत सत्यासाठी राजा पुत्राची चिता अडवतो, तीच कथा क्षणभर चित्रकर्त्याच्या घरात घडून गेली, एवढे खरे. मुलगा वाचला म्हणूनच ही हकीकत आज कौतुकाने सांगितली जाते.

पुढे १९१९-२० च्या सुमारास, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी मतभेद होऊन, फाळके खरोखरीच सपरिवार काशीला गेले. चित्रपटसंन्यासाचाच तो काळ. तेथे त्यांनी कॅमेरा नव्हे, लेखणी हाती घेतली आणि ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते पुन्हा कंपनीत आणि चित्रपटांत परतले. पडद्यासाठी काशी दुसरीकडे उभी करणारा हा माणूस खऱ्या काशीत आला तो शब्दांकडे वळला, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. १९५६ च्या ‘अपराजितो’मध्येही सत्यजित राय यांनी घाट प्रत्यक्ष काशीचे घेतले, परंतु अपूच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला गेला आणि सुब्रत मित्र यांनी पांढऱ्या कापडावरून प्रकाश परतवून तेथे काशीचे आकाश निर्माण केले. स्मृतीला स्थळ उसने चालते; माणूस उसना चालत नाही.

याचे प्रमाण १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या आरंभीच मिळते. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके यांची छोटी मंदाकिनी पडद्यावर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटवून दाखवते. मग ती कृष्ण होते. अभिनयाचा नमुना म्हणून घेतलेले हे दृश्य आज एका कुटुंबाची चित्रफीत होऊन बसले आहे. कुटुंबीयांकडून मिळालेले सुटे तुकडे पी. के. नायर यांनी जुळवले, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ते टिकले. फाळके यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या अनेक मूळ फितीही भस्मसात झाल्या. मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे डाग आणि ओरखडे त्या दीर्घ प्रवासात पडलेले आहेत; ते कोणी घातलेले नाहीत.

तेव्हा स्मृतीचा लघुपट करू पाहणाऱ्याने फितीच्या जीर्णतेचे अनुकरण करण्याआधी वाटाण्याच्या कुंडीचे अनुकरण करावे. जे समोर आहे, वाढत आहे, अजून हरवलेले नाही, त्याकडे रोज पाहत राहावे. आणि पाहताना, समोरचे मूल शुद्धीवर आहे ना, हेही तपासावे. त्या चित्राला हुरहूर लाभायची असेल तर ती पुढच्या पिढीकडून लाभेल, वहीतल्या अक्षराला लाभते तशी.