किती चमचे?

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात आजही माझी विकेट पडते. त्यामुळे मराठी विभागासाठी मी लेख देतेय म्हटल्यावर रूममेट्स इतक्या हसल्या की विचारू नका. पण ही गोष्ट आजीची आहे आणि आजीला इंग्रजी येत नाही.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात आमच्या रूमवर एकीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. रात्रीचे दोन. मी आपली ग्लासामागून ग्लास साधं पाणी पाजतेय, दुसरी म्हणतेय कोल्ड्रिंक दे, एनर्जी येईल. शेवटी रेक्टर मॅडम उठून आल्या. मला बाजूला सारलं, उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं आणि घोट घोट पाजत बसल्या. सकाळी डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर केलंत.

मला कळेना. पाणी कमी झालंय, तर पाणी द्या ना! मीठ-साखर कशाला? उत्तर चक्क माझ्याच वहीत होतं. पाच मार्कांसाठी पाठ करून विसरलेलं, 'ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट'.

आपल्या हॉस्टेलची टाकी आठवा. मोटर वीज खाऊन पाणी वर चढवते, मग नळाला ते आपोआप येतं. आतड्याच्या पेशीत अशीच एक मोटर असते. एटीपीचा एक रेणू खर्चून ती सोडियमचे तीन आयन बाहेर ढकलते, पोटॅशियमचे दोन आत घेते. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी ही मोटर शोधली, तीही खेकड्याच्या नसांमध्ये! नोबेल मिळायला मात्र १९९७ उजाडलं. (आपले बॅकलॉग त्यामानाने लवकर निघतात.)

आता मोटरने सोडियम उपसल्यामुळे पेशीत त्याचा तुटवडा. बाहेरचं सोडियम आत यायला धडपडतं. पण इथला एक दरवाजा असा, की सोडियमने ग्लुकोजला सोबत आणलं तरच उघडतो. दोघं आत शिरली की पाणी त्यांच्या मागोमाग. नुसतं पाणी पाजलं तर हा दरवाजा बंदच. आणि कोल्ड्रिंकसारखी साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यातच ओढलं जातं. गंमत म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा, शरीर पाणी बाहेर फेकत असताना, हा दरवाजा चालू राहतो.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांतून वाटलं. नातेवाईकच पेशंटला पाजायचे. शंभरात तीसपर्यंत माणसं दगावत होती, ती चारच्या खाली आली.

दिवाळीत घरी गेल्यावर मी हे सगळं आजीला ऐकवलं. भाव खात, खरं सांगते. आजी भाजणी चाळत होती. हात थांबले.

"माझी शेवंता दोन वर्साची होती. हगवण लागली. पानी पाजू नगा, अजून जुलाब हुत्यात, म्हनले समदे. मागत व्हती गं ती."

साल १९७४. मला एक आत्या होती, हे मला विसाव्या वर्षी कळत होतं.

"दिलं असतं तर जगली असती का?"

व्हायवाला गप्प बसले तर मार्क जातात, एवढंच. मी म्हटलं, "आजी, नुसत्या पाण्याने कदाचित नसतं भागलं. आणि हे मीठ-साखरेचं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनाही पटत नव्हतं." दोन्ही खरंच आहे. तरी माझा आवाज खोटा वाटला.

आजी बराच वेळ चाळण धरून बसून राहिली. मग शेजारच्या घरातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं, तशी म्हणाली,

"किती चमचे म्हनलीस?"